जाऊबाईंच्या गच्चीवरच्या गारा

जिच्याबद्दल सांगणार आहे ती बाई मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. प्रेमलता माझी थोरली जाऊ. निर्मळला आमची वाडी आहे, वाडीच्या मधोमध छातीएवढी भिंत आहे, भिंतीच्या त्या बाजूला ती आणि ह्या बाजूला मी. अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. एक शब्द नाही. सणावाराला समोरासमोर आलोच तर ती तुळशीकडे बघायची आणि मी मोबाईलकडे.

"मग तिची गोष्ट तू कशाला सांगतेस?" असं आमचे हे, म्हणजे विलास, विचारतात. ह्यांना दुसरं येतं काय? दोन्ही घरचा चहा प्यायचा आणि दोन्हीकडे मान डोलवायची. मी सांगते, कारण मला झोप लागत नाही. बस.

आता बाई कशी ते ऐका. उंचीनं माझ्या खांद्याला लागेल. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय अनवाणी, आणि दोन्ही हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग. ते लग्नकार्यातसुद्धा निघत नाहीत. माहेर गासचं, भातशेतीवाल्यांचं. तिच्या जिभेवर "ण" कधी बसलाच नाही. पानी, कोन, आनि. मी ठाण्याची, बी. ए. झालेली. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हिला चार दिवसांत सुधारीन. बत्तीस वर्षं झाली, ती आहे तशीच आहे आणि सगळा गाव तिच्या बाजूनं आहे.

गाव तिच्या बाजूनं का, तर सुकेळी. पिकलेली राजेळी केळी सोलायची, आठ-दहा दिवस उन्हात वाळवायची, सकाळी मांडायची, संध्याकाळी आत घ्यायची. एवढं सगळं मन लावून करणारी घरं आता वसईत बोटांवर मोजावीत. तिची सुकेळी मधासारखी होतात, हे मलाही कबूल करावं लागतं, चोरून खाल्ली आहेत मी. पण त्यांना पाण्याचा एक थेंब लागला की अख्खी पाटी आंबते. म्हणून आभाळ जरा काळवंडलं की ही बाई ताडपत्री घेऊन गच्चीवर. चुलीवर आमटी असो, दारात पाहुणा उभा असो. थोरले भाऊजी, विद्याधर, सात वर्षांपूर्वी गेले, तो जानेवारीचा दिवस होता आणि दुपारी अचानक ढग आले. घरात माणसं भरलेली, आणि ही भिंतीशी बसलेली उठली, वर जाऊन ताडपत्री टाकून आली आणि पुन्हा होती तिथे येऊन बसली. मी ते सगळ्या गावाला सांगत फिरले. "बाईला नवऱ्यापेक्षा केळी जास्त," असं म्हणाले. तिच्या कानावर गेलं असणारच.

भांडण कशावरून, तर लोकांना वाटतं वाडीवरून, विहिरीवरून. तसलं काही नाही. भांडण माझ्या मुलीवरून. मी एकतीस वर्षं फोर्टात विम्याच्या कचेरीत नोकरी केली. अंधारात घर सोडायचं, अंधारात परत यायचं. ज्ञानदा शाळेतून सुटली की काकीकडे. जेवण काकीकडे, अभ्यास काकीकडे, ताप आला तर उशाशी काकी. प्रेमलताला मूल नाही. मला बरंच होतं की, पोरगी घरातल्या घरात होती. मग ज्ञानदा बारावीला असताना संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. वीस-पंचवीस बायका बसलेल्या. कुणीतरी म्हणालं, "वसुंधरा, पोरगी गुणाची निघाली हो तुझी." आणि ही तिळगुळाचं ताट घेऊन उभी होती, ती हसत म्हणाली, "हिने जन्म दिला, वाढवली मी."

बायका हसल्या. मी हातातलं वाण तिथेच ठेवलं आणि उठून आले. त्या दिवसापासून तोंड बंद. पुढच्या महिन्यात भिंत घातली, तीही माझ्याच हट्टानं. खोटं बोलली असती तर मला एवढं लागलं नसतं.

बोलणं बंद म्हणजे आवाज बंद असं मात्र नव्हे. ऐकवायची एक पद्धत असते. मी मागच्या पायरीवर बसून रिटाशी बोलायचे. रिटा आमची शेजारीण, कुणाचंही भांडण असलं की स्वतःची खुर्ची घेऊन येते. मी म्हणायचे, "रिटा, काही लोकांना दुसऱ्याच्या दारात पाचोळा लोटल्याशिवाय जेवण जात नाही." भिंतीपलीकडून ती आपल्या मांजराला सांगायची, "बाय माजी, पाचोला वाऱ्यानं जातो. वाऱ्याला कोन सांगनार?" असं अकरा वर्षं चाललं. रिटानं आणि मांजरानं पुष्कळ सोसलं.

ज्ञानदा शिकत शिकत हवामानाच्या अभ्यासात गेली. तीन वर्षांपूर्वी तिच्या संस्थेनं विरारला एका इमारतीवर छोटं रडार बसवलं आणि पोरगी पीएचडीच्या कामासाठी परत घरी राहायला आली. विषय काय, तर वादळी पाऊस आणि गारा. गारा! वसईत! मी म्हटलं, "अगं, इथे गारा कुणी पाहिल्यात? नाशिकला जा, लातूरला जा." तर म्हणे, "आई, तोच तर प्रश्न आहे."

प्रश्न नेमका काय, ते तिनं मला तीनदा समजावलं आणि तिन्ही वेळा माझं लक्ष कुकरच्या शिट्टीकडे होतं. चौथ्यांदा मी ते भिंतीआडून ऐकलं, कारण ती काकीला समजावत होती. रडार ढगात लहरी सोडतं, एक आडवी, एक उभी. ढगात जे असेल त्यावर आपटून त्या परत येतात. पावसाचा मोठा थेंब पडता पडता चपटा होतो, म्हणून त्याच्यावरून आडवी लहर जोरात येते, उभी तेवढी येत नाही. गार मात्र गडबडा लोळत खाली येते, तिला आडवंउभं सगळं सारखंच. तेव्हा परत आलेला जोर दणदणीत असेल आणि दोन्ही लहरी सारख्या असतील, तर समजायचं की ढगात गारा आहेत.

"म्हंजे थेंब भाकरीसारका आनि गार लाडवासारकी," प्रेमलता म्हणाली.

"काकी, बरोब्बर!" पोरगी भिंतीपलीकडे टाळ्या पिटत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत जाऊन कुकर उतरवला.

पण ढगात गार आहे म्हणून ती जमिनीवर पोचतेच असं नाही. समुद्राकाठची हवा उबदार, तीन-चार किलोमीटर खाली येता येता गार वितळते आणि थेंब होऊन पडते. ज्ञानदाचे गाइड नेमकं हेच म्हणायचे. तुझं रडार किनाऱ्यावर गारा दाखवतं, पण त्या खाली पडतात कशावरून? जमिनीवरचा पुरावा आण. लोकांनी काढलेले फोटो नकोत, लोक सगळ्यांत मोठी गार उचलतात आणि तीच दाखवतात. म्हणून पॅड. पॅड म्हणजे थर्माकोलचा फूटभर चौकोन, त्यावर ताणून बसवलेली फॉइल, पोळ्या गुंडाळतो तीच. पावसानं तिला काही होत नाही. गार पडली की खळगा पडतो. खळगा मोजला की गार केवढी ते कळतं, आणि सगळे खळगे मोजले की किती पडल्या ते.

असे बारा पॅड तिनं कळंबपासून गासपर्यंत लावले. निर्मळचं पॅड आपल्याच घरी लागणार म्हणून मी कोपरा झाडून ठेवला होता. पण आमच्या गच्चीवर पत्र्याची शेड. गळतीपायी इथे सगळ्यांनी शेडा घातल्यात. पॅडला शेड चालत नाही, झाड चालत नाही, चारी बाजूंनी आभाळ मोकळं लागतं. आमच्या आळीत मोकळं आभाळ असलेली गच्ची एकच, सुकेळीवाल्या बाईची. झालं! पोरगी सकाळ-संध्याकाळ तिकडे.

आणि बाईनं तरी किती करावं! पॅडसाठी वही घातली. "आज कावला बसला. हाकलला." "आज पाऊस. खलगा नाय." सातवी शिकलेल्या बाईची ती दोन वर्षांची वही ज्ञानदानं संस्थेत नेऊन दाखवली, आणि तिथल्या मोठमोठ्या लोकांनी म्हणे कौतुक केलं. मी एकतीस वर्षं विम्याचे दावे तपासले, कुणी एका कागदाला छान म्हटलं नाही.

दोन उन्हाळे फुकट गेले. रडारवर गारा एक-दोनदा दिसल्या, पण जिथे दिसल्या तिथे पॅड नव्हतं. हा तिसरा उन्हाळा शेवटचा होता. जूनमध्ये ज्ञानदाची शिष्यवृत्ती संपत होती आणि पावसाळ्यानंतर रडारच दुसऱ्या जिल्ह्यात हलणार होतं. गाइडनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, जमिनीवरची एक तरी नोंद मिळाली तर किनाऱ्यावरच्या गारांचं प्रकरण प्रबंधात ठेवू, नाहीतर ते काढून टाक. प्रबंधातलं तेवढंच प्रकरण तिचं स्वतःचं होतं. बाकीचं कुणी ना कुणी आधी केलेलंच होतं. पोरगी जेवताना डाव्या हातानं मोबाईलवर ढग बघायची. "एक वादळ, आई, फक्त एक," म्हणायची. मी देवळात जाऊन शंकराला नारळ बोलून आले. तिला सांगितलं नाही, ती हसली असती.

मेच्या पहिल्या आठवड्यातला मंगळवार. दुपारपासून तुंगारेश्वरच्या बाजूनं आभाळ भरत होतं. हे कामासाठी विरारला गेले होते, घरात मी एकटीच. आमचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर आहे आणि जाऊबाईंचं घर बैठं, त्यामुळे माझ्या खिडकीतून त्यांची गच्ची ताटात वाढल्यासारखी दिसते. पलीकडे यंदा नवीन सात मजली इमारत उठली आहे. तिची सावली तीनलाच गच्चीवर येते आणि ऊन उरतं ते फक्त पॅडच्या कोपऱ्यात. म्हणून त्या आठवड्यात सुकेळीच्या पाट्या सरकत सरकत पॅडला खेटल्या होत्या. मोसमातली शेवटची सुकेळी ती.

चार वाजून गेल्यावर प्रेमलता वर आली. आभाळाकडे पाहिलं, निळी ताडपत्री ओढली, लाकडी घोड्यांवरून ताणली, कडेनं विटा ठेवल्या आणि खाली गेली. चाळीस वर्षांचा हात. त्या हातानं पाट्यांबरोबर पॅडही झाकलं. दोन वर्षं तिनं पॅडवर साधं वाळलेलं पान पडू दिलं नव्हतं, पण पाट्या कधी इतक्या जवळ नव्हत्या आणि झाकताना तिनं खाली पाहिलंच नाही. मी पाहिलं.

चार सतराला ज्ञानदाचा फोन आला. पोरीला दम लागला होता. "आई, आल्या! ढगात गारा आहेत, दोन्ही लहरी सारख्या येतायत, आणि ढग सरळ निर्मळवर चाललाय. पाच-सात मिनिटं आहेत. काकी फोन उचलत नाही. पॅड उघडं आहे ना बघ आणि तिला हाक मार. मारशील ना?"

"बरं," मी म्हटलं.

प्रेमलता खिडकीतून दिसत होती. वाडीत केळीला टेकू देत होती, माझ्यापासून तीस पावलांवर. वारा पडलेला, पानसुद्धा हलत नव्हतं. मी साध्या आवाजात "ताई" म्हटलं असतं तरी तिला ऐकू गेलं असतं.

नाही म्हटलं.

माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते, लपवून आता करायचं काय आहे! पहिल्यांदा आलं ते हे, की मी का आधी बोलू? अकरा वर्षं राखलेलं मी एका थर्माकोलच्या तुकड्यापायी घालवू? त्यात मिनिटभर गेलं असेल. मग दुसरं आलं, आणि ते फार गोड होतं. पॅड काकीनं झाकलं. काकीनं! कळू दे पोरीला एकदा, आपली काकी काय करून ठेवते ते. मी हाक मारली की ताडपत्री निघणार, खळगे पडणार, आणि प्रबंधात पहिले आभार कुणाचे? तिचेच. गॅसवर चहा होता, तो मी गाळला. कप घेऊन खिडकीशी येऊन उभी राहिले. आता मारते हाक, आता मारते, असंही मनात दोनदा येऊन गेलं. नरड्यातून आवाज निघाला नाही, असं म्हणायला मला आवडेल. पण मी काढलाच नाही. अर्धा कप झाला आणि पहिली गार आमच्या पत्र्यावर पडली.

मग काय विचारता! पत्र्यावर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसा आवाज. सुपारीएवढ्या, काही लिंबाएवढ्या. केळीची पानं फाटून लोंबायला लागली. प्रेमलता डोक्यावर हात धरून ओटीवर पळाली. गच्चीवर गारा ताडपत्रीवर पडत होत्या, उसळत होत्या आणि घरंगळून कडेला जमत होत्या. मी सगळं बघितलं. अकरा मिनिटांनी थांबल्या.

रिटा मोबाईल घेऊन अंगणात आली होती. पहिल्या गारेपासून तिनं व्हिडिओ काढला होता, आणि "बघ बघ, माय गॉड, अंड्याएवढी!" करत होती. मी मागच्या पायरीवर उतरले आणि आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "रिटा, काही लोकांनी माझ्या पोरीच्या तीन वर्षांवर ताडपत्री घातली, बघ जाऊन. केळी वाचली, पोरगी बुडाली!"

भिंतीपलीकडे मांजराशी कुणी बोललं नाही. जिन्यावर अनवाणी पाय धावल्याचा आवाज आला, विटा पडल्याचा आला.

"वसुंधरा, बस कर," रिटा म्हणाली. "ती मुद्दाम करेल का? तिच्याकडे बघ तरी एकदा."

वर जाऊन खिडकीतून पाहिलं. बाई ओल्या गच्चीवर पॅड मांडीत घेऊन बसली होती आणि पदरानं फॉइल पुसत होती. पुसून काय होणार होतं? मला वाटलं होतं, ते बघून मला बरं वाटेल. वाटलंही थोडं, खोटं कशाला बोलू.

साडेपाचला ज्ञानदा स्कूटरवरून आली, चिंब भिजलेली आणि हसत. रस्त्याच्या कडेला गारांचे ढीग बघत आली होती. "आई, पडल्या! अगं, खरंच पडल्या!" कळंबच्या आणि गासच्या पॅडांवर काही नव्हतं, तिनं फोनवर विचारून घेतलं होतं. गारांचा पट्टा जेमतेम किलोमीटरभर रुंद, आणि तो बरोबर निर्मळवरून गेला होता. बारांपैकी एकच पॅड त्याच्या वाटेत होतं. ती गाडी तशीच लावून काकीच्या जिन्यानं वर गेली. मीही मागोमाग गेले. अकरा वर्षांत त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता, पण हे मला समोर उभं राहून बघायचं होतं. काकीला बोलणी बसताना बघायचं होतं.

बोलणी बसली नाहीत. ज्ञानदानं पॅड हातात घेतलं, उजेडाकडे तिरकं धरलं, पुन्हा सरळ केलं. फॉइल गुळगुळीत, एक खळगा नाही. पोरीच्या तोंडावरचं हसू लगेच गेलं नाही, जायला वेळ लागला, आणि तो वेळ मला सोसवेना. गाइडना ढीग आणि व्हिडिओ चालले नाहीत, मोजलेले खळगेच हवे होते, आणि त्या फॉइलपायी पुढे किनाऱ्याचं सगळं प्रकरण प्रबंधातून काढावं लागलं, हे इथेच सांगते.

"मी झाकलं गो," प्रेमलता म्हणाली. "पाट्यांबरोबर झाकलं. माज्या ध्यानातच नाय आलं. मार मला."

ज्ञानदानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळली. "आई, मी तुला फोन केला होता ना? काकीला हाक मार म्हणून सांगितलं होतं."

मी तोंड उघडायच्या आत ती बाई बोलली. "मारली ना तिने हाक. चांगली मोठ्यानं मारली. गारांचा आवाज कसला होता, मला ऐकू नाय आली."

मी तिच्याकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाटीतली सुकेळी उगीच सारखी करत होती. फोनचं ऐकलं त्याच क्षणी तिला सगळं समजलं होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले, हे समजलं होतं. वर तासाभरापूर्वी मी आळीला काय ऐकवलं तेही तिच्या कानात ताजं असणार. आणि तरी ही बाई माझ्यासाठी खोटं बोलत होती!

"हो," मी म्हटलं. "मारली मी हाक."

इतकं सहज आलं ते तोंडातून, की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. सुटले, एवढंच वाटलं.

ज्ञानदानं पर्समधून वही काढली. ती सगळं लिहून ठेवते, गार पडली तरी आणि नाही पडली तरी. "किती वाजता मारलीस?"

"फोन ठेवला, तशी लगेच."

तिनं लिहिलं. मग मोबाईल काढून रिटानं पाठवलेला व्हिडिओ लावला. थोडा बघितला, मागे घेतला, पुन्हा बघितला. "मी तुला फोन केला चार सतराला," ती म्हणाली. "पहिली गार चार तेवीसला." ती भांडत नव्हती. पडद्यावरचे आकडे वाचावेत तशी वाचत होती. "चार सतराला गारा नव्हत्या, आई. मग आवाज कसला?"

अशा वेळी शहाण्या माणसानं खाली बघून गप्प राहावं. मी काय केलं? त्या बाईच्या अंगावर धावून गेले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी खोटं बोलायला?"

अकरा वर्षांनी मी तिच्याशी बोलले, ते हे.

"तुज्यासाठी नाय बोलले," ती म्हणाली. तिचा आवाजही चढला नाही. "पोरीला कलू नये म्हनून बोलले."

इतकी वर्षं मी तिला नाही नाही ते बोलले, रिटाला सांगून, भिंतीला सांगून, देवाला सांगून. तिनं उलट मारलेलं असं काही मला लागलं नव्हतं. हे लागलं. मला तिचा भयंकर राग आला.

ज्ञानदानं वही मिटली. "मग सहा मिनिटं तू काय करत होतीस?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. दूध उतू जात होतं, चक्कर आली, खिडकी उघडत नव्हती. असली कारणं मी एकतीस वर्षं लोकांच्या अर्जांत वाचली आहेत आणि बाजूला लाल शेरा मारला आहे.

"चहा पीत होते," मी म्हटलं. "खिडकीतून बघत होते. पॅड झाकलेलं मला दिसत होतं."

रिटा खालून काहीतरी विचारत होती. ज्ञानदा ओरडली असती तर मीही ओरडले असते, मला ते जमतं. तिनं नुसती मान हलवली, हिशेब लागल्यावर हलवतात तशी. पॅड पिशवीत घातलं. मग आभाळाकडे बघून म्हणाली, "काकी, मागून अजून एक ढग येतोय. चल, पाट्या आत घेऊ."

दोघींनी पाट्या उचलायला सुरुवात केली. एकेक पाटी खाली न्यायची, पुन्हा वर यायचं. मी जिन्याच्या तोंडाशीच उभी होते. "सरक" असं मला दोघींपैकी कुणीही म्हटलं नाही. प्रत्येक वेळी पाटी सांभाळत, माझ्या बाजूनं अंग चोरून जात राहिल्या.